आईंची नाचणी इथे आली, ऊन गावीच राहिलं

पत्र

ताई, नमस्कार.

माझी आई ६३ वर्षांची आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड्यात तिचं सगळं आयुष्य गेलं. चार वर्षांपूर्वी बाबा गेले आणि मी तिला डोंबिवलीला आमच्याकडे घेऊन आले. गेलं वर्षभर तिच्या नडग्या आणि कंबर दुखते. खाली बसली की हाताचा टेकू घेतल्याशिवाय उठता येत नाही. जानेवारीत बाथरूममध्ये पाय घसरून पडली आणि मनगट मोडलं. आता प्लास्टर निघालंय. तपासणीत व्हिटॅमिन डी ११ आलं. डॉक्टरांनी आठवड्याला एक पुडी आणि रोज कॅल्शियमची गोळी दिली आहे, पण आई टाळते. ‘आम्ही नाचणीची भाकरी आणि जवळा खाऊन डोंगर चढलो, आम्हाला कुठे होत्या गोळ्या?’ म्हणते. रोज सकाळी सात ते आठ बाल्कनीत कोवळ्या उन्हात बसते, तरी डी एवढं कमी कसं? माझ्या सासरी मासे-अंडी होत नाहीत, आणि दुधाने तिचं पोट फुगतं. थायरॉईडची गोळी आणि पित्ताची गोळी कित्येक वर्षं चालू आहे. माझंही डी १४ आहे, मुलगी दहा वर्षांची आहे. आई खरी की डॉक्टर खरे? गोळ्यांशिवाय, ऊन आणि आपलं जुनं खाणं एवढ्यावर भागेल का?

— एक वाचक, डोंबिवली

उत्तर

प्रिय मैत्रीण,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं. पाय घसरून पडल्या आणि मनगट मोडलं. तुम्ही ते ओघात लिहून पुढे गेलात, पण माझ्या लेखी सगळ्या पत्रात मोठी गोष्ट तीच आहे. उभ्या उंचीवरून पडल्यावर धडधाकट हाड सहसा मोडत नाही. पन्नाशीनंतर ते मोडलं तर हाड आतून विरळ झालंय का, हे बघावंच लागतं. त्यासाठी डेक्सा नावाची तपासणी असते. पलंगावर निजवून कमरेच्या मणक्यांची आणि खुब्याची घनता मोजतात. दुखत नाही, टोचत नाही, दहा-पंधरा मिनिटांत होते. त्यात टी-स्कोअर नावाचा आकडा येतो. तो उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल तर त्याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. प्लास्टर निघालं म्हणून हा विषय संपला असं समजू नका. डॉक्टरांना स्वतःहून विचारा, ‘आईची डेक्सा करायची का?’

मी आहारतज्ज्ञ आहे. भाकरी, भाजी, ताक यांच्यावर माझा जीव आहे. तरीही सांगते, डेक्सात हाडं फारच विरळ निघाली तर त्यावर वेगळं औषध लागतं आणि ते काम कुठलीही भाकरी करू शकत नाही. अन्न आणि ऊन त्या औषधाच्या पाठीशी उभं राहतं, त्याच्या जागी नाही.

आता दुखण्याबद्दल. हाड विरळ होतं तेव्हा ते बहुधा गप्प असतं, मोडेपर्यंत पत्ता लागत नाही. आईंची नडगी दुखते, खालून उठताना मांड्यांत जोर येत नाही, ही लक्षणं मात्र हाड मऊ पडल्याची असू शकतात. त्याला ऑस्टिओमलेशिया म्हणतात आणि त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा व्हिटॅमिन डीची कमतरता असते. लहान मुलांत याच कमतरतेने मुडदूस होतो. ११ हा आकडा पुष्कळ खाली आहे. २० च्या खाली (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर या मापात) गेलं की कमतरता धरतात. दोन्ही दुखणी एकाच बाईत एकाच वेळी असू शकतात, म्हणून डॉक्टरांकडे जाताना ‘उठता येत नाही’ हेही सांगा. गुडघ्याच्या दुखण्यात ते मिसळून जातं आणि मग कुणीच त्याकडे वेगळं बघत नाही. हातातली गोष्ट म्हणजे, मऊ पडलेलं हाड डी आणि कॅल्शियम मिळालं की पुन्हा घट्ट होतं. काही महिन्यांत त्या जमिनीवरून आपल्या बळावर उठायला लागतील, अशी मला खरोखर आशा आहे.

आता तुमचा मूळ प्रश्न, आई खरी की डॉक्टर. आईंचं खाणं बरोबरच होतं. पण ते खाणं गावात एकट्याने काम करत नव्हतं. त्याच्या जोडीला ऊन होतं, आणि दिवसभर उठबस होती. डोंबिवलीला येताना नाचणी पिशवीत भरून आणता आली. ऊन मागे राहिलं.

शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. उरलेला एक टक्का रक्तात आणि पेशींत असतो, आणि हृदयाचे ठोके, स्नायूंची हालचाल त्याच्यावर चालते. म्हणून रक्तातली पातळी शरीर सहसा ढळू देत नाही. जेवणातून पुरेसं आलं नाही की ते हाडांकडे वळतं. गावच्या घरातली कणगी डोळ्यांसमोर आणा. शेतातून नवं धान्य आलं नाही तरी रोजचं जेवण थांबत नाही, कणगीतून पसापसा काढलं जातं. वरून कणगी तशीच दिसते, हात घातल्यावर कळतं की तळ लागलाय. पाळी गेल्यानंतरची पहिली पाच-सात वर्षं तर हा उपसा फार वेगाने होतो, कारण हाडं जपणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी झालेलं असतं.

आणि नवं धान्य कणगीत पडायला व्हिटॅमिन डी लागतं. डी पुरेसं असेल तर जेवणातल्या कॅल्शियमपैकी साधारण ३० ते ४० टक्के आतड्यातून रक्तात जातं. डी नसेल तर हेच प्रमाण १०-१५ टक्क्यांवर येतं. म्हणजे आई आज गावच्याइतक्याच भाकऱ्या खात असल्या, तरी त्यांच्या हाडांपर्यंत पूर्वीच्या निम्मंही पोचत नसेल.

हे डी मुख्यतः त्वचेत बनतं. उन्हातले अतिनील-बी किरण त्वचेतल्या कोलेस्टेरॉलच्या जवळच्या एका पदार्थावर पडतात आणि त्यातून डी तयार होतं. मग यकृत आणि मूत्रपिंड त्यावर आपापलं काम करतात आणि ते उपयोगी रूपात येतं. १९१९ मध्ये बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की नावाच्या डॉक्टरांनी मुडदूस झालेल्या मुलांना अतिनील दिव्याखाली ठेवलं. एका मुलाच्या एकाच हातावर प्रकाश टाकला, तर दुसऱ्या हाताची हाडंही सुधारली. उजेड पडला एका जागी, औषध रक्तातून सगळीकडे गेलं. आईंना ही गोष्ट सांगा. डीच्या पुडीत काही परकं नाही, त्वचा जे बनवते तेच त्यात असतं, हे त्यातून त्यांना पटेल.

मग सकाळी सात ते आठ उन्हात बसूनही डी ११ कसं? कारण ते कोवळं ऊन आहे. इथे मला लाखो घरांतल्या समजुतीच्या विरुद्ध बोलावं लागतंय, पण स्पष्ट बोलते. कोवळ्या उन्हात डी जवळजवळ बनत नाही. सूर्य खाली असतो तेव्हा किरण तिरके येतात, त्यांना हवेचा जाड थर ओलांडावा लागतो आणि अतिनील-बी त्यातच गाळलं जातं. आपल्यापर्यंत पोचतो तो उजेड आणि ऊब. ती वाया जात नाही. सकाळच्या उजेडाने रात्रीची झोप सुधारते, म्हाताऱ्या माणसाचं मन प्रसन्न राहतं. तेव्हा आईंची ती जागा मोडू नका. फक्त तिच्याकडून डीची अपेक्षा ठेवू नका. आणि बाल्कनीला काचेच्या सरकत्या खिडक्या असतील, तर भर दुपारीसुद्धा तिथे उपयोग नाही. काचेतून अतिनील-बी आत येत नाही.

योग्य वेळ ओळखायला घड्याळापेक्षा सावली बरी. जमिनीवर पडलेली आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की समजावं, आता डी बनवणारं ऊन आहे. आपल्या भागात मे महिन्यात ही वेळ सकाळी साडेनऊच्या सुमारासच येते. डिसेंबरात मात्र दुपारी साडेबाराच्या आसपास, तीही जेमतेम. म्हणून ‘अकरा वाजता बसा’ असं बारा महिन्यांचं एकच उत्तर मी देत नाही. तुमच्या मुलीला हे काम सोपवा. रविवारी तिने आजीची सावली टेपने मोजावी आणि वहीत वेळ लिहून ठेवावी.

किती वेळ? आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य जास्त, ते किरण अडवतं. शिवाय वयाबरोबर त्वचेचं डी बनवण्याचं सामर्थ्य पुष्कळ कमी होतं, सत्तरीत तर ते विशीच्या मानाने पाव हिश्श्यापर्यंत उतरतं. आईंसाठी आठवड्यातून चार-पाच दिवस, वीस ते तीस मिनिटं धरा. चेहऱ्यापेक्षा हात, पोटऱ्या, मान आणि पाठ उघडी असणं महत्त्वाचं. चेहऱ्याला पदर किंवा टोपी चालेल. गावी लुगडं नेसून दंडापर्यंत उघड्या हातांनी त्या काम करत असतील. इथे आल्यावर बहुधा घरात गाऊन आणि बाहेर जाताना लांब बाहीचा कुर्ता. हा फरकही छोटा नाही.

त्वचा लाल होईपर्यंत किंवा डोकं जड होईपर्यंत बसायचं नाही. जास्त वेळ बसून जास्त डी मिळतही नाही, कारण ठरावीक मर्यादेनंतर त्वचा जादा तयार झालेलं आपणच मोडून टाकते. उन्हाने डीचा अतिरेक होत नाही तो यामुळेच. मे महिन्यात मात्र आईंना पाणी पाजून, सावलीची जागा जवळ असेल अशा ठिकाणीच बसवा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी आणि काही अँटिबायोटिक्सनी त्वचा उन्हाला नाजूक होते. त्यांना तसं काही चालू असेल, किंवा उन्हाने अंगावर चट्टे उठत असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा.

आता खरी अडचण. डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये राहणारी, मनगट मोडून धास्तावलेली बाई ‘व्हिटॅमिन डीसाठी’ रोज अर्धा तास खुर्ची टाकून उन्हात बसेल का? मला नाही वाटत. गावी त्या उन्हात बसायला कधी गेल्याच नव्हत्या. त्या आमसुलं वाळवायला गेल्या, आंबोशी घालायला गेल्या, मिरच्या उलथायला गेल्या, भात झोडायला गेल्या. ऊन कामाबरोबर अंगावर पडत होतं. म्हणून त्यांना काम द्या. आता एप्रिल आहे, आगोटीचे दिवस आहेत. सोसायटीच्या गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे असेल, ती मागून घ्या. दोन सुती चादरी, पोह्याचे पापड, सांडगे, कुरडया, वर्षाच्या मिरच्या, जे आईंच्या हाताला सवयीचं आहे ते. जड घमेली त्यांनी उचलायची नाहीत, जिन्यात तुम्ही किंवा मुलीने सोबत राहायचं. वाळवणाची राखण करायला त्या वर गेल्या, की अर्धा तास कुठे गेला त्यांना कळणारही नाही. चार वर्षांत आपली गरज आहे असं त्यांना किती वेळा वाटलं असेल, याचाही विचार मी हे लिहिताना करते आहे.

आगोटीचाच धागा पुढे नेते. पावसाळ्याचे चार महिने ऊन नसतं, म्हणून आपण धान्य-मसाले-वाळवण भरून ठेवतो. शरीरही चरबीत डी साठवतं. पण ही बेगमी फार पुरत नाही, उन्हात जाणं थांबलं की रक्तातली पातळी दोन-तीन आठवड्यांत निम्म्याच्या दिशेने उतरू लागते. म्हणून जून ते सप्टेंबर आईंना डॉक्टरांच्या सल्ल्याने डीची गोळी लागेल, हे आत्ताच मनाशी धरून ठेवा. ११ वरून वर यायला तर आत्ताही पुडी लागेलच. नुसत्या उन्हाने एवढा खड्डा भरायला फार काळ जाईल, आणि मोडलेलं मनगट तेवढी सवड देत नाही.

पुडीबद्दल एक कळकळीची सूचना. साधारणपणे ती ६०,००० युनिटची असते, आठवड्याला एक, बहुतेकदा आठ आठवडे. ती जेवणानंतर घ्यावी, कारण डी स्निग्ध पदार्थाबरोबर नीट शोषलं जातं. ठरलेले आठवडे संपले की थांबायचं आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं. बरं वाटलं म्हणून महिनोन्‌महिने आपल्या मनाने चालू ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत. काही जण तर गैरसमजाने रोज एक पुडी घेतात. त्याने रक्तातलं कॅल्शियम इतकं वाढू शकतं की उलट्या, बद्धकोष्ठता, भ्रम आणि मूत्रपिंडाला इजा होते. तुमचं १४ आहे म्हणून आईंच्या डब्यातल्या पुड्या तुम्ही घेऊ नका, तुमच्यासाठी वेगळं विचारा.

थायरॉईडची गोळी आणि कॅल्शियमची गोळी यांत किमान चार तासांचं अंतर हवं, नाहीतर थायरॉईडची गोळी अंगी लागत नाही. सकाळी उठल्याबरोबर थायरॉईडची गोळी पाण्याबरोबर, चहा अर्ध्या-पाऊण तासाने, आणि कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर, असं लावून द्या. पित्ताची गोळी कित्येक वर्षं चालू आहे, हे डॉक्टरांना मुद्दाम सांगा. त्या जातीच्या काही गोळ्या फार काळ घेतल्या तर कॅल्शियमचं शोषण घटतं. अचानक बंद करू नका, पण तिची अजून गरज आहे का हे विचारायला हवं.

आता माझ्या आवडीचा भाग, ताट. आईंच्या वयाला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं, असं आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२० च्या शिफारशी सांगतात. हा आकडा पाहून लोक घाबरतात. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ३५० मिलिग्रॅम असतं. गहू, तांदूळ, ज्वारी, बाजरी यांपैकी कुणीही तिच्या आसपास नाही. आईंच्या हातच्या मध्यम दोन भाकऱ्यांत ४०० च्या जवळ जातं. पण नाचणीत फायटेटही असतं, ते कॅल्शियमला धरून ठेवतं. भिजवलं, मोड आणले किंवा आंबवलं की ही पकड सैल होते. मोड आणून दळलेली नाचणी किंवा रात्री पीठ ताकात कालवून केलेली आंबील यात हे शहाणपण आपोआप येतं. बाळासाठी सत्त्व करताना आपण वस्त्रगाळ करतो, तसं आईंसाठी करू नका. कॅल्शियमचा मोठा वाटा नाचणीच्या सालीत असतो, तो फडक्यातच राहून जातो.

दूध सोसत नाही तर दही खायला हरकत नाही. दही लागताना दुधातली साखर कमी होते, त्यामुळे ते बऱ्याच जणांना सोसतं. वाटीभर दह्यात १८० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळतं, आणि ते शरीराला सहज घेता येतं. फक्त ताकाबद्दल सावध राहा. दोन चमचे दह्यात पेलाभर पाणी घातलं तर ते छान ताक होईल, कॅल्शियम दोन चमच्यांचंच राहील. दिवसात दोन वाट्या दही पोटात जाईल असं बघा, मग ते घट्ट ताक असो, कढी असो की नाचणीची आंबील.

तिळाचा आकडा डोळे दिपवणारा आहे, सालीसकट तिळात १०० ग्रॅमला हजार मिलिग्रॅमच्या वर. पण त्यातलं बरंचसं सालीत ऑक्झलेटला बांधलेलं असतं, आणि अख्खे तीळ न चावता गिळले तर तसेच बाहेर पडतात. म्हणून भाजून कुटलेलं तिळकूट, चमचा-दोन चमचे रोज. पॉलिश केलेले पांढरेशुभ्र तीळ घेऊ नका, त्यांचं साल काढलेलं असतं. आपण संक्रांतीपुरते तीळ आठवतो. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ म्हणत भोगीला तीळ लावलेली भाकरी आणि लेकुरवाळी भाजी करतो, आणि संक्रांत सरली की डबा वर ठेवून देतो. तो डबा खालीच राहू द्या.

पालेभाज्यांत सगळ्या सारख्या नाहीत. पालकातलं कॅल्शियम ऑक्झलेटमुळे शरीराला फार थोडं मिळतं, दुधातल्या ३० टक्क्यांसमोर ५ टक्क्यांच्या आसपास. शेवग्याचा पाला त्या मानाने सोनं आहे, १०० ग्रॅमला ३०० मिलिग्रॅमहून जास्त. कोकणात गोकुळाष्टमीला आंबोळीबरोबर ही भाजी करतात, आईंना ती सांगायला नको. डोंबिवलीत शेवग्याची झाडं पुष्कळ आहेत, शेंगा तोडतात आणि पाला कचऱ्यात जातो. कुळीथही तसाच गुणाचा. आठवड्यातून दोनदा कुळथाची पिठी केलीत तर कॅल्शियम आणि प्रथिनं दोन्ही पदरात पडतील. प्रथिनांचं मुद्दाम लिहिते, कारण हाडाचा सांगाडाच मुळात प्रथिनांचा असतो, कॅल्शियम त्यावर बसतं. नुसता भात आणि पातळ वरण खाणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या हाडांना हा सांगाडा उभारायला पुरेसं साहित्यच मिळत नाही.

डिंकाचे लाडू थंडीत जरूर करा. मात्र त्यांची ताकद डिंकापेक्षा खसखस, खारीक आणि हळिवात आहे. आणि गव्हाच्या दाण्याएवढा चुना रोज खायचा, असा एक सल्ला मोबाईलवर फिरतो, तो कृपा करून ऐकू नका. चुना दाहक असतो, तोंड आणि अन्ननलिका भाजते, आणि मात्रा कुणीच नीट मोजत नाही. लोणचं-पापड हात आखडून वाढा, कारण मीठ जास्त झालं की लघवीतून कॅल्शियम बाहेर जातं. गच्चीवर पापड वाळवायला लावून खाताना अडवते आहे, हे मला कळतं. एखादा चालेल.

जवळ्याबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण पत्रात तो आहे. सोडे, जवळा, काट्यासकट खाल्ली जाणारी छोटी मासळी हे कोकणातल्या बायकांचं कॅल्शियम होतं, आणि तारली-बांगड्यात थोडंफार व्हिटॅमिन डीही असतं. अन्नातून डी मिळण्याच्या वाटा अशाही फार कमी, मासे आणि अंड्याचा बलक सोडला तर शाकाहारात जवळजवळ काहीच नाही. ‘प्लस एफ’चं चिन्ह असलेल्या दुधात डी घातलेलं असतं, तेही कपभर दुधातून गरजेचा दहावा हिस्साही मिळत नाही. अळंबी आणून दुपारच्या उन्हात अर्धा तास उलटी ठेवली तर तिच्यात डी तयार होतं, हा उपाय करून बघण्यासारखा आहे. पण तुमच्या घराच्या रिवाजात मला पडायचं नसलं तरी एवढं सांगते, की साठ वर्षं खाल्लेलं अन्न एका दिवसात सुटलं, हे आईंनी तुमच्यासाठी गिळलंय. महिन्यातून दोनदा त्या बहिणीकडे किंवा भाचीकडे जेवायला जाऊ शकत असतील, तर त्यांना सोडून या.

‘आमच्या वेळी गोळ्या कुठे होत्या’ या वाक्याचं उत्तर राहिलं. माझी आजी साताऱ्याकडची. उन्हातान्हात शेतात राबली, भाकरीच खाल्ली. साठीला पोचली तेव्हा तिची पाठ इतकी वाकली होती की चुलीपुढे बसलेली असो की उभी, उंची सारखीच वाटायची. सात बाळंतपणं, दूध घरात असूनही डेअरीला गेलेलं, डाळ पुरुषांच्या ताटात आधी. ऊन तिला भरपूर होतं, कणगीत टाकायला धान्य नव्हतं. आम्ही म्हणायचो, वय झालं. आता कळतं की तिचे मणके एकेक करून दबत गेले होते आणि ती न बोलता सोसत होती. तिला कुणी गोळी दिली असती तर मला हवंच होतं. आईंना ही गोष्ट माझ्याकडून सांगा. त्यांच्या गावातही अशा वाकलेल्या बायका होत्याच, त्यांना नावानिशी आठवतील.

तुमच्याबद्दल थोडक्यात. तुम्ही ऑफिसला अंधारात जाता आणि अंधारात येता, असा माझा अंदाज आहे. जेवणाच्या सुट्टीत डबा खाऊन पंधरा-वीस मिनिटं बाह्या वर करून इमारतीबाहेर चाला. मुलीला रोज ८५० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं, आणि मैदान हवं. मुलींच्या हाडांची बहुतेक भर अठरा-वीस वर्षांपर्यंत पडून जाते, उड्या मारण्याने आणि पळण्याने ती आणखी घट्ट होते. क्लासची वेळ मैदानाच्या वेळेवर येत असेल तर क्लास हलवा.

आईंनीही चालायला हवं. हाडावर भार पडला तरच ते स्वतःला भरून काढतं. सध्या सपाट रस्त्यावर, धरायला कुणी असताना, आणि दिवसातून काही वेळा खुर्चीवरून हात न टेकता उठायचा सराव. मनगटाचा व्यायाम फिजिओथेरपिस्टला विचारून. बाथरूममध्ये रबरी मॅट आणि भिंतीला धरायची दांडी या आठवड्यातच बसवून घ्या, रात्री तिथपर्यंत जाणाऱ्या वाटेवर छोटा दिवा लावा. मूतखड्याचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास कधी झाला असेल तर मी वर लिहिलेले आकडे लागू करण्याआधी डॉक्टरांशी बोला.

डेक्साची वेळ आधी घ्या. गच्चीची किल्ली त्यानंतर मागितलीत तरी चालेल, ऊन मेअखेरपर्यंत आहे.